जुन्या शिडाच्या नौकेच्या डोलकाठीच्या तारा : तपासणी आणि बदल

शिडाच्या नौकांच्या देखभालीचे काम शिकायला येणारी बहुतेक मुले डोलकाठीच्या तारेचा मधला, चकचकीत भाग न्याहाळत बसतात. तार मात्र तिथे क्वचितच तुटते, ती तुटते टोकाशी. मुंबई बंदरात पावसाळ्यापूर्वी नौका पाण्याबाहेर काढून ठेवतात आणि त्या महिन्यांत डोलकाठी उतरवलेली असली, तर टोके हातात घेऊन तपासण्यासारखी दुसरी संधी नाही.

डोलकाठीला पुढून, मागून व दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या कायमच्या तारा म्हणजे स्टँडिंग रिगिंग. जुन्या क्रूझिंग (सफरीच्या) नौकांवर ही तार बहुधा एकोणीस पदरांची स्टेनलेस असते आणि तिच्या टोकांवर पोलादी नळी प्रचंड दाबाने घट्ट बसवलेली असते. तिला स्वेज म्हणतात. वरच्या स्वेजचे तोंड खाली असते, म्हणून पाणी निथळून जाते. डेकजवळच्या स्वेजचे तोंड वर असल्याने तारेवरून ओघळणारे खारे पाणी नेमके तिच्यात उतरते आणि तिथेच साचते. स्टेनलेसचा संरक्षक थर टिकायला प्राणवायू लागतो आणि त्या बंद फटीत तो पोहोचत नाही, त्यामुळे बाहेरून चकाकणारी नळी आतून खाल्ली जाते.

म्हणून तपासणी खालून सुरू करावी. स्वेज स्वच्छ पुसून भिंगातून पाहावी. तिच्या लांबीच्या दिशेने केसाएवढी भेग दिसली किंवा नळी किंचित वाकलेली आढळली, तर ती तार बाद समजावी. शंका राहिल्यास लाल रंगद्रव फवारून, पुसून, वर पांढरे डेव्हलपर मारावे म्हणजे भेगेत उरलेला रंग बारीक रेघेसारखा वर येतो. तारेवरची चहाच्या डागासारखी तांबूस छटा बहुधा वरवरचीच असते. स्वेजच्या तोंडातून ओघळलेला गंज मात्र माफ करू नये. तारेवरून कापूस फिरवावा. तुटलेला पदर असेल तिथे त्याचे तंतू अडकतात. हे काम उघड्या बोटांनी करू नये.

चेनप्लेट म्हणजे तारा नौकेच्या अंगाला जोडणारी पट्टी. ती डेकमधून आरपार जात असेल, तर डेकच्या जाडीत दडलेला भाग पट्टी बाहेर काढल्याशिवाय दिसत नाही. त्यासाठी आतल्या फळ्या उचकटाव्या लागतात आणि मालक कुरकुरतात. तरीही हे टाळू नये, कारण नवी तार कुजलेल्या पट्टीला बांधणे म्हणजे खर्च करून धोका तसाच ठेवणे होय.

तारा दहा ते पंधरा वर्षांनी बदलाव्यात, असा सर्वसाधारण संकेत आहे आणि परदेशातले अनेक विमावालेही त्याचा आग्रह धरतात. जुन्या तारांचे वय कागदोपत्री सापडत नसेल, तर सगळा संच एकदम बदलावा, असे माझे मत आहे. एका तारेचा पदर तुटला असेल, तर तिच्या जोडीच्या तारांनीही तेवढेच ऊन आणि खार सोसलेला असतो. माप तारेच्या एका टोकाच्या पिनच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या पिनच्या मध्यापर्यंत घ्यावे, प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी आणि टर्नबकल, म्हणजे तार ताणण्याचा आट्यांचा स्क्रू, किती उघडा होता तेही लिहून ठेवावे. तार 316 प्रतीच्या स्टेनलेसची घ्यावी व तिचे प्रमाणपत्र मागावे. चांगल्या स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही, या समजुतीने दुकानदाराने चुंबक लावून दाखवला, तर त्यावर विसंबू नये, कारण ओढून बनवलेली 316 तारही किंचित चिकटते.

डोलकाठी पुन्हा उभी केल्यावर आधी ती बाजूंना सरळ करावी, मग दोन्ही बाजूंचा ताण सारखा वाढवत जावे. एकोणीस पदरी तारेचा दोन मीटरचा भाग एक मिलिमीटर लांबला, की तिच्या तुटण्याच्या भाराच्या सुमारे पाच टक्के ताण आलेला असतो. साध्या फूटपट्टीनेही हे मोजता येते. नवी तार पहिल्या काही सफरींत थोडी सैलावते, म्हणून ताण पुन्हा तपासावा आणि त्यानंतर टर्नबकल आपोआप फिरू नये म्हणून घातलेल्या स्प्लिट पिनचे (दुपायी खिळीचे) पाय थोडेसे फाकवून वर टेप लावावी, मात्र ती इतकी घट्ट गुंडाळू नये की आत पाणी कोंडून राहील.