दिव्याचं बटण बदलताना

आमचं नाशिकच्या सिडकोतलं घर जुनं, त्यामुळे बोर्डही जुनेच: सनमायकाची पट्टी आणि त्यावर ओळीनं पियानो बटणं. गेल्या पावसाळ्यात बाथरूमच्या दिव्याचं बटण दाबलं की आतून चर्र आवाज यायचा. बोट ठेवलं तर बटण कोमट लागायचं. वायरमनचं "उद्या येतोच ताई" ऐकता ऐकता आठवडा गेला, मग मीच बसले. आमचे अण्णा अंबडला पॅनलच्या कारखान्यात वायरिंग करायचे, त्यामुळे पकड आणि टेस्टर हातात धरायची सवय लहानपणापासूनची.

त्रिमूर्ती चौकातल्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "सहाचं की सोळाचं?" दिवा, पंखा असेल तर ६ अँपिअरचं. गिझर, मिक्सरसोबत इस्त्रीही लावता असा मोठा पॉइंट असेल तर १६चं. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढतो, सहाचं बटण त्याच्यापुढे जळणारच. जुन्या पट्टीत नव्या पद्धतीचं मॉड्युलर बटण बसत नाही, म्हणून जुनं बटण काढून दाखवा किंवा फोटो न्या.

आता करंट बंद करणं. इथे घाई नको. एकट्या दिव्याचा एमसीबी (फ्यूजच्या जागी असणारा खटका) पाडून मला समाधान होत नाही, मी मेनच बंद करते. पण आमच्याकडे लोडशेडिंगच्या काळात घेतलेला इन्व्हर्टर आहे. मेन पडला की त्याला वाटतं लाईट गेली, आणि तो इमानेइतबारे दिव्यांना करंट द्यायला लागतो! तेव्हा मेननंतर इन्व्हर्टरचंही बटण बंद. घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर सासूबाई "लाईट कशी गेली गं" म्हणत मेन वर करतात.

टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये घालून पेटतो का बघा, मग करंट बंद करा, मग बोर्डातल्या प्रत्येक स्क्रूवर लावा, आणि बटण दोन्हीकडे दाबून पुन्हा लावा. अण्णा हे रोज करायचे. बिघडलेला टेस्टरही पेटत नाहीच. उन्हात त्याचा दिवा दिसत नाही, आणि कोरड्या प्लास्टिकच्या स्टुलावर उभं राहिलात तर तो मंद पेटतो, म्हणून जमिनीवर उभ्या राहा, पायात चप्पल असू द्या.

पट्टी उघडल्यावर काहीही सोडायच्या आधी मोबाईलवर फोटो. बहुतेक बटणांच्या एका स्क्रूत दोन वायरी असतात: एक आलेला फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, दुसरा पुढच्या बटणाला गेलेला लूप. तो लूप परत नीट कसला नाही, की पुढची सगळी बटणं मुकी. जुन्या वायरीचं टोक काळं पडलं असेल तर तेवढं तोडा, साधारण एक सेंटीमीटर सोला, तारा पिळून एकत्र करा. वायर बारीक असेल तर टोक दुमडून घाला. स्क्रू कसला की वायर ओढून बघा. हलली तर पुन्हा कसा. आमचं बटण तापत होतं ते अशाच ढिल्या स्क्रूमुळे. तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमची वायर निघाली तर ती जास्त वाकवू नका, पटकन तुटते. जिन्याच्या, वरून-खालून दोन्हीकडून चालणाऱ्या बटणाला तीन स्क्रू असतात, तिथे मधली वायर कुठली होती त्यावर टेप लावून खूण करा.

आमच्या बाथरूमच्या बटणाला मात्र लूप नव्हताच. दोन्ही वायरी काळ्या. रंगावर विश्वास नको म्हणून नवं बटण कसून, पट्टी उघडी ठेवूनच मी मेन चालू केला (तुम्ही हे करू नका, माझी सवय वाईट). दिवा जळतोय आणि बटणाच्या दोन्ही स्क्रूंवर टेस्टर गप्प! म्हणजे कुणीतरी बटण न्यूट्रलवर, करंट परत नेणाऱ्या वायरीवर बसवलं होतं, फेज थेट होल्डरला. बटण बंद केलं तरी होल्डरमध्ये करंट असायचाच. तेव्हा कळलं, बंद केल्यावरही तो एलईडी रात्री मिणमिणत का राहायचा. इतकी वर्षं बटण बंद करून मी त्याच होल्डरमध्ये हात घालून बल्ब बदलत होते.

हे दुरुस्त करणं माझं काम नव्हे. वीज नियमांप्रमाणे बटण जसंच्या तसं बदलायची आपल्याला मुभा आहे, वायरिंगमध्ये फेरफार करायला परवानाधारकच लागतो. वायरमन नवव्या दिवशी आला, स्टुलावर चढला आणि म्हणाला, "ताई, आधी मेन पाडा." मी म्हटलं, "इन्व्हर्टर पण पाडते."