जेराल्डटन वॅक्स का मरतं? या चुका टाळा

ऑस्ट्रेलियात पर्थला आल्यावर मी पहिल्यांदा कढीपत्ता लावला, नंतर जेराल्डटन वॅक्स हे इथलं फुलांचं झुडूप. कढीपत्ता जगला. हे झुडूप मात्र पहिल्याच उन्हाळ्यात गेलं. पानं मलूल दिसली की मी पाणी घालायचे, आणि कुंडीखालच्या ताटलीत ते साचून राहायचं.

सगळ्यात मोठी चूक हीच. माती ओली असूनही झाडानं मान टाकली, तर त्याला तहान लागलेली नसते. मुळं कुजलेली असतात. फायटॉप्थोरा नावाचा रोग मुळांत शिरला की घातलेलं पाणी वरपर्यंत चढतच नाही. म्हणून आधी मातीत बोट खुपसून बघा. ताटली काढून टाका.

पेरू-जांभळाच्या कुळातलं झाड म्हणून फसू नका. जांभूळ ओढ्याकाठी पाण्यात पाय सोडून उभं राहतं. हे झुडूप मूळचं पर्थपासून उत्तरेला कालबारीपर्यंतच्या किनारपट्टीवरच्या वाळूतलं. तिथे पाऊस पडतो हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्ट, आणि उन्हाळा कोरडा जातो. उकाडा आणि ओल एकत्र आली की मूळकूज फोफावते. त्यामुळे कोकणातल्या बहिणीनं रोप मागितलं, तेव्हा मी नाहीच म्हटलं.

मेलबर्नकडे चिकणमाती असेल तर खड्डा करून लावू नका, त्यात पाणी साठतं. मातीचा उंचवटा करून त्यावर लावा, किंवा कलमी रोप घ्या. त्याचं खालचं खोड जड माती जास्त सोसतं. एकदा लावलं की जागा बदलू नका, मुळं दुखावलेली याला चालत नाहीत.

खत घालायचा मोह आवरा, विशेषतः हाडांच्या चुऱ्याचा आणि कोंबडीखताचा. इथल्या वाळूत स्फुरद (फॉस्फरस) जेमतेम असतं आणि झाड त्यालाच सरावलेलं आहे. स्फुरद जास्त झालं की कोवळी पानं पिवळी पडतात. खत द्यायचंच असेल तर ऑस्ट्रेलियन देशी झाडांसाठी मिळणारं कमी स्फुरदाचं थोडंसं द्या.

सावलीत लावलं तर फांद्या लांबट होतात, फुलं कमी येतात.

छाटणी अजिबात न करणं हीसुद्धा चूकच, कारण झुडूप खालून बोडकं होत जातं. बहर ओसरला की साधारण एक तृतीयांश कापा, पण हिरवी पानं असलेल्या भागातच. जुन्या, पानं नसलेल्या लाकडावर कात्री चालवली तर तिथून सहसा फुटवा येत नाही. फुलदाणीसाठी लांब दांडे कापत राहिलात, तर बरीचशी छाटणी बहरातच उरकते, आणि चुरडलेल्या पानांचा लिंबासारखा वास हाताला राहतो.