दारासमोर उभं राहू नका

नोकरीला लागताना सगळे एकच विचारतात, गोळीबार पाहिलास का कधी? 18 वर्षं झाली, माझ्यावर कुणी गोळी झाडलेली नाही. मी मार खाल्ला तो भलत्याच ठिकाणी. पोलिसात नव्याने येणाऱ्यांनी या जागा आधीच माहीत करून घेतलेल्या बऱ्या.

तिसऱ्या महिन्यातली रात्रपाळी. नवरा-बायकोचं भांडण, फोन शेजाऱ्यांचा. मी तरातरा जिना चढले आणि दारासमोर छाती काढून उभी राहून बेल वाजवली. मागून आमच्या साहेबांनी कमरेचा पट्टा धरून मला बाजूला ओढलं. दार उघडलं, त्या माणसाच्या हातात हातोडी होती. मारायला घेतली नव्हती बहुतेक, भांडता भांडता हातात राहिली असावी. खाली उतरल्यावर साहेब एवढंच म्हणाले, "समोरचा कोण आहे हे कळायला अर्धा सेकंद लागतो. तो भिंतीआड काढायचा."

घरगुती भांडणाला किरकोळ काम समजू नका. दोघांना वेगवेगळं बसवा, पण स्वयंपाकघरात कुणालाच नाही. सुऱ्या तिथेच असतात. आपण आणि आपला जोडीदार एकमेकांच्या नजरेत राहू असे उभे राहा. आणि नवऱ्याला घेऊन निघालात की जिने मदत मागितली तीच बाई तुमच्या अंगावर धावून येऊ शकते. याचा राग धरू नका, पाठ मात्र तिच्याकडे करू नका.

झडती घेताना खिशात हात घालायचा नाही. आधी विचारायचं, "टोकदार काही आहे का? सुई?" मग वरून चाचपायचं. 'नाही' या उत्तरावर विसंबायचं नाही. हिपॅटायटिस बीच्या लशीचा कोर्स पूर्ण झालाय का, ते रुजू व्हायच्या आधी तपासा. सुई टोचलीच तर जखम साबणपाण्यानं धुवा आणि ड्युटी संपायची वाट न बघता दवाखाना गाठा. लाज वाटते म्हणून गप्प राहणारे मी पाहिलेत.

आता थकव्याचं. सलग 17 तास जागं राहिलं की माणसाचे हातपाय आणि डोकं जसं चालतं, ते रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसासारखं, असं प्रयोगात दिसलंय. बऱ्याच देशांत एवढ्यावर गाडी चालवणं गुन्हा आहे. मी एकदा दोन पाळ्या जोडून करून गाडीनं घरी निघाले आणि सिग्नलला झोपले. मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा दिवा हिरव्याचा परत लाल झाला होता. त्याच रात्री मी दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या दोघांना पकडलं होतं! जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2007 मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं आणि 2019 मध्ये ते कायम ठेवलं. म्हणून नोकरी सोडा असं म्हणत नाही. पण सुटीचा दिवस झोपेचा आहे, दुसऱ्याची पाळी उसनी घेण्याचा नाही.

सगळ्यात जास्त मी कोर्टात शिकले. एका धरपकडीत दुकानाची काच फुटली. ऐन झटापटीत कान बंद होतात, नजर एका ठिकाणी खिळते. काच फुटल्याचा आवाज मला आलाच नव्हता. नोंदवहीत मात्र मी 'आवाज ऐकून वळले' असं लिहिलं, कारण तसंच झालं असणार ना! कॅमेऱ्यात मी वळलेली नव्हते. उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी ते एक वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. माझ्या बाकीच्या खऱ्या साक्षीलाही मग किंमत उरली नाही. जे आठवत नाही तिथे 'आठवत नाही' लिहा. ते लिहायला हिंमत लागते, विशेषतः वरिष्ठ शेजारी उभे असताना.

वरिष्ठांचा दबाव सगळीकडे असतो, आकड्यांचा, ओळखीच्या माणसांचा, 'जरा बोलतं करा'चा. त्यावर माझ्याकडे उत्तर एकच आहे. 1979 साली संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं पोलिसांसाठी आचारसंहिता स्वीकारली. तिच्या पाचव्या कलमात स्पष्ट म्हटलंय की छळ केल्यावर 'वरून हुकूम होता' ही सबब चालणार नाही. तोंडी हुकूम आला की मी नम्रपणे म्हणते, "साहेब, लेखी देता का?" लेखी सहसा येत नाही. दोनदा बदली मात्र आली.

मृत्यूची बातमी द्यायला जाल तेव्हा फोन करू नका, दोघं जा, आत बसून सांगा. 'वारले' हाच शब्द वापरा. 'गंभीर आहेत' म्हणून वेळ काढला की त्यांना खोटी आशा लागते. एक म्हातारे गृहस्थ सगळं ऐकून मला म्हणाले, "तुम्ही पाणी घ्याल का?" त्या घरातून निघाल्यावर मी गाडीत किती वेळ बसले होते आठवत नाही. वर्षभरानं समुपदेशकाकडे गेले. त्याच आठवड्यात जायला हवं होतं.

घरी आल्यावर मी आजही बेल वाजवून दाराच्या बाजूला सरकते. मुलगी दार उघडते, आधी डोकं बाहेर काढते आणि भिंतीकडे बघून म्हणते, "ये आत."