डोलकाठीला रोटेशन बार बसवण्याआधी

रोटेशन बार, म्हणजे कॅटामरानची (दोन पोटांच्या शिडाच्या बोटीची) फिरती डोलकाठी हवी तेवढीच वळू देणारा दांडा, बसवायचा ठरला की लोक आधी बार शोधायला निघतात. त्याआधी आपली बोट कोणती आहे ते बघा. होबी 16 ही छोटी कॅटामरान असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. तिच्या डोलकाठीच्या बुडाशीच थांबे असतात, काठी त्या मर्यादेत आपोआप फिरते आणि तेवढं तिला पुरतं. शिवाय तो कडक वन-डिझाइन वर्ग आहे, म्हणजे सगळ्या बोटी एकसारख्याच असाव्या लागतात. स्वतःहून लावलेला बार शर्यतीत चालणार नाही. बार हवा तो थेंबाच्या आकाराची जाड डोलकाठी, स्प्रेडर (काठीतून बाजूला निघणारे आडवे दांडे) आणि त्यांवरून जाऊन काठीला ताठ ठेवणाऱ्या डायमंड वायर असलेल्या बोटींना. टॉर्नेडो ही कॅटामरान 1976 ते 2008 पर्यंत ऑलिंपिकमध्ये होती, तिच्यावर हा बार असायचाच. आजच्या फॉर्म्युला 18 या शर्यतीच्या कॅटामरान वर्गातल्या बोटींवरही असतो. आपल्याकडे ही वेळ बहुतेक वेळा येते ती जुनी, हात बदलत आलेली बोट घेतल्यावर: काठी आहे, शिडं आहेत, आणि बार मात्र कुठे गेला कुणालाच माहीत नाही.

दुसरी गोष्ट, बारकडून नेमकं काय काम हवंय ते ठरवा. काठीची पुढची कड वाऱ्याकडे वळली की वारा काठीवरून शिडाच्या वाऱ्याखालच्या अंगावर न तुटता सरकतो. बार काठीच्या मागच्या बाजूने निघतो, त्यामुळे काठी फिरली की त्याचं टोक वाऱ्याखालच्या बाजूला जातं. आता प्रश्न असा, की काठी गरजेपेक्षा जास्त फिरतेय म्हणून तिला आवरायचंय, की हलक्या वाऱ्यात लाटेच्या धक्क्याने ती परत सरळ होतेय म्हणून तिला फिरवून धरायचंय? नुसतं आवरायचं असेल तर बारच्या टोकापासून बूमवरच्या (शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्यावरच्या) क्लीटपर्यंत, म्हणजे दोरी अडकवायच्या चापापर्यंत, एक दोरी पुरते. ती दोन्ही टॅकवर, म्हणजे वारा डावीकडून असो की उजवीकडून, सारखंच काम करते आणि बिघडण्यासारखं तिच्यात काही नाही. दोन्ही कामं हवी असतील तर पुढच्या बीमच्या (बोटीची दोन पोटं जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) दोन्ही टोकांना ब्लॉक (कप्पी) आणि क्लीट लावून दोरी दोन्हीकडून आणावी लागते. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष एकाच दोरीवर काढा.

यानंतर काठी मुळात मोकळी फिरते का ते तपासा. बोट जमिनीवर उभी करून पूर्ण रिगिंग लावा, काठी छातीच्या उंचीवर दोन्ही हातांनी धरा आणि डावीकडे-उजवीकडे वळवून बघा. अडकत असेल तर बार लावून काही साधणार नाही. बारच्या जोराने फक्त रिव्हेट उपटतील. अडकण्याची कारणं ठरलेली आहेत: श्राउड (काठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा) गरजेपेक्षा ताणलेले, वर जिथे श्राउड आणि फोरस्टे (पुढची तार) एकत्र येतात तिथलं शॅकल (जोडकडी) वाकडं बसलेलं, किंवा बुडाच्या बॉलवरची प्लास्टिकची चकती झिजलेली. चकती बदला. तिथे ग्रीस लावू नका, किनाऱ्यावरची वाळू त्यात बसते आणि मग तीच चकतीला घासत राहते. काठी उभी करण्याआधी वर मान करून विजेच्या तारा बघायला मात्र कधीच विसरू नका. आठ मीटरची अॅल्युमिनियमची काठी तारेला लागली तर जीव जातो. अमेरिकेत अशा अपघातांनंतरच होबीने काठीचं वरचं टोक वीज न वाहणाऱ्या कॉम्पोझिटचं केलं.

आता जागा ठरवायची, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. बार गूजनेकच्या (बूम काठीला जोडणाऱ्या सांध्याच्या) खाली आणि डायमंड वायरच्या टर्नबकलपासून (ताण कमीजास्त करायच्या स्क्रूपासून) दूर बसायला हवा. शिवाय डाउनहॉलची (शीड खाली ताणायची) दोरी आणि हॅलियार्डचं (शीड वर चढवायच्या दोरीचं) क्लीट यांच्या आड येता कामा नये. बऱ्याच छोट्या कॅटामरानमध्ये गूजनेक काठीच्या खाचेत सरकता असतो. डाउनहॉल खेचला की बूमचं पुढचं टोक खाली येतं. म्हणून शीड चढवा, डाउनहॉल शेवटपर्यंत ओढा, आणि मगच बूम आणि बार यांच्यातली जागा मोजा. डाउनहॉल सैल असताना घेतलेलं माप जोराच्या वाऱ्यात तुमच्या बूमला बारवर आदळवेल.

माप कागदावर काढण्यापेक्षा खोटा बार बनवा. साधारण फूटभर ते दीड फुटाची लाकडी पट्टी घ्या आणि होज क्लिपने काठीला मागच्या बाजूने बांधा. आता काठी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा. पट्टी जिब शीटला (पुढच्या शिडाच्या दोरीला) लागते का, बूमखालून सुटसुटीत जाते का, ट्रॅम्पोलिनवरून (दोन पोटांमधल्या ताणलेल्या जाळीवरून) सरकताना क्रूच्या नडगीला लागते का, हे कुणाला तरी खरंच तिथून सरकायला लावून बघा. पुढच्या बीमवर मास्किंग टेप लावून सरळ, 45 अंश आणि 90 अंश अशा खुणा करा. टोकाला किती दोरी लागेल तेही इथेच कळतं. 35 सेंटिमीटरच्या बारचं टोक 30 अंशांवरून 90 अंशांपर्यंत जाताना सरळ रेषेत तब्बल 35 सेंटिमीटर सरकतं. दोरी आखूड कापली तर काठी पूर्ण फिरूच शकत नाही, आणि मग दोष बारला दिला जातो. बार लांब असला की दोरीवर ताण कमी येतो, पण फिरायला जागा जास्त लागते. नडग्यांनी ज्या लांबीला हरकत घेतली नाही, ती घ्या.

बार स्वतः बनवणार असाल तर काठीला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा दुबेळका आकार करा. दोन बाहू काठीच्या दोन्ही अंगांना रिव्हेट केलेल्या पट्ट्यांवर छोट्या बोल्टने टांगायचे, म्हणजे बोट उतरवताना बार खाली दुमडता येतो. आरपार बोल्ट घालून घट्ट आवळण्याचा मोह टाळा. काठीची भिंत पातळ असते, ती आत दबते, आणि हॅलियार्ड आतून जात असेल तर तीही घासते. बाहूंच्या आतली रुंदी काठीच्या जाडीपेक्षा थोडी जास्त ठेवा, मधे नायलॉनचे वॉशर येतात. टोक कानसून गोल करा, त्यावर प्लास्टिकची टोपी बसवा.

सामान आणताना दोन गोष्टींवर अडून बसा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत 'एसएस' मागितलं की एसएस मिळतं, पण कुठलं? समुद्राला 316 प्रतीचं हवं. चुंबक लावून ते कळत नाही, कारण 304 ला आणि स्वस्तातल्या 202 लाही चुंबक नीटसं चिकटत नाही. बोल्टच्या डोक्यावर ए4 कोरलेलं आहे का ते बघा. ए2 म्हणजे 304. दुसरी गोष्ट रिव्हेट. मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) 4.8 मिलिमीटरचे रिव्हेट सगळीकडे मिळत नाहीत, आधीच मागवून ठेवा, आणि ते ओढायला लांब हँडलची रिव्हेट गनही बघून ठेवा. घरातल्या साध्या गनने मनगट दुखेल आणि रिव्हेट अर्धवट बसेल. रिव्हेटची लांबी पट्टी आणि काठीची भिंत यांची जाडी मिळवून ठरवा. भिंत मोजायला बुडाचं कास्टिंग काढून व्हर्निअर लावा. पट्टी 3 मिलिमीटर आणि भिंत तेवढीच असेल तर एकूण 6, आणि ते 6 रिव्हेटच्या पाकिटावरच्या पल्ल्यात कुठेतरी मधे यायला हवेत. याशिवाय सेंटर पंच, 4.9 चा नवा ड्रिल बिट, कानस, क्लीटसाठी 5 मिलिमीटरची दोरी, आणि स्टील-अॅल्युमिनियमच्या मधे लावायची टेफ-जेलसारखी पेस्ट. मिठाच्या पाण्यात हे दोन धातू थेट एकमेकांना लागले की अॅल्युमिनियम पांढरं पडून झिजायला लागतं.

ड्रिल सुरू करण्याआधी काठी बंद आहे का ते शोधा. अनेक छोट्या कॅटामरानची काठी मुद्दाम हवाबंद ठेवतात, म्हणजे बोट आडवी झाली की काठी तरंगते आणि बोट पूर्ण उलटी होत नाही. अशा काठीला भोक पाडलं तर ते परत बंद करण्याची जबाबदारी तुमची. प्रत्येक रिव्हेट सीलंटमध्ये बुडवून बसवा. सिलिकॉन वापरणार असाल तर न्यूट्रल क्युअरचं घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते अॅल्युमिनियमला खातं. भोकं एकाच उंचीवर एका ओळीत पाडू नका, वर-खाली सरकवून पाडा, कारण काठी वाकते तेव्हा ती ओळच सगळ्यात आधी तडकते. पट्टीच्या कडेपासून भोकाचा मध्य निदान एक सेंटिमीटर आत ठेवा. आधी एकच भोक, एकच रिव्हेट, पट्टी सरळ आहे याची खात्री, मग बाकीची.

आपल्याकडे हे काम पावसाळ्यात, बोट शेडमध्ये असताना उरकलेलं बरं. सीलंटला सुकायला आठवडा द्या, घाई कशाला?

पहिल्यांदा पाण्यात उतराल तेव्हा मध्यम वारा निवडा. वाऱ्यावर चढताना बारचं टोक वाऱ्याखालच्या श्राउडकडे ठेवून सुरुवात करा. वारा वाढला, बोट उचलायला लागली आणि क्रू ट्रॅपीझवर (तारेला लटकून बोटीबाहेर) असूनही जोर आवरेना, तर दोरी ओढून टोक मागच्या बीमकडे आणा. वारा पाठीमागे घेतला की दोरी सोडून द्या, काठी जवळजवळ 90 अंशांपर्यंत फिरू द्या. कुठल्या वाऱ्यात कुठे ठेवलं ते बीमवरच्या टेपवर पेन्सिलने लिहीत जा.

जोराच्या वाऱ्यात एक-दोनदा जाऊन आल्यावर पट्ट्या गोड्या पाण्याने धुवा आणि प्रत्येक रिव्हेटभोवती बोट फिरवून बघा. बोटाला काळी पूड लागली तर तो रिव्हेट आत हलतोय. तो ठोकून घट्ट होत नाही. ड्रिलने काढून टाका, भोक मोठं करा आणि 6.4 मिलिमीटरचा बसवा.