तागावर केसाळ अळी दिसली म्हणून लगेच पंप काढू नका

पावसाळ्यात हिरवळीच्या खतासाठी (उभं पीक मातीत गाडून खत करायला) ताग पेरलाय आणि आता पानं कुरतडलेली दिसतायत, फवारू का, असं बरेच जण विचारतायत. आधी सांगा, ताग कशासाठी पेरलाय? गाडायचाच असेल तर नका फवारू. फुलावर यायला लागला की साधारण ४५ ते ५० दिवसांत गाडायचाच आहे, थोडी पानं अळीने खाल्ली तर खाऊ द्या, तिची विष्ठा पण त्याच मातीत पडते. अगदी नुसत्या काड्या उरायला लागल्या तर चार दिवस आधी गाडून टाका.

बियाण्यासाठी ठेवलेल्या तागाचं मात्र वेगळं आहे. तिथं ही अळी आधी पानं खाते आणि नंतर शेंगेला भोक पाडून आतलं कोवळं बी फस्त करते, त्यामुळे शेंगा धरायला लागल्या की रोज सकाळी एक चक्कर मारायचीच. चालताना पायाजवळून पांढुरका, लाल-काळे ठिपकेवाला छोटा पतंग भरदिवसा उडून पुढच्याच झाडावर बसला की समजायचं, अंडी पडलीयेत. अळ्या लहान असतानाच ५ टक्के निंबोळी अर्क मारा, मोठ्या झालेल्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. पक्षी खातील म्हणून थांबू नका, कारण ताग-खुळखुळ्याच्या कुळात पायरोलिझिडिन नावाची विषारी अल्कलॉइड्स असतात आणि ही अळी ती पचवून अंगात साठवते. हिच्याच अमेरिकन भावकीतला पतंग जाळ्यात अडकला तर कोळी स्वतः धागे तोडून त्याला सोडून देतो! त्या अमेरिकन पतंगाचा नर तर मिलनाच्या वेळी हे विष मादीला देतो आणि तिच्याकडून ते अंड्यात उतरतं, म्हणजे पोरं जन्मायच्या आधीच बंदोबस्त.

पण अळीपेक्षा मला जास्त काळजी जनावरांची वाटते. तागात विष कमी असतं, पण बांधावरचा पिवळ्या फुलांचा जंगली खुळखुळा जास्त घातक, आणि सगळ्यात जास्त विष बियांत. वाळवलं तरी ते जात नाही, त्यामुळे कडब्यात किंवा धान्यात शेंगा-बी येऊ देऊ नका. घोडा, गाय-बैल, डुक्कर, कोंबड्या यांना जास्त बाधतं, शेळ्या-मेंढ्या त्यामानाने तग धरतात. लिव्हर हळूहळू खराब होतं, कधीकधी खाल्ल्यानंतर कित्येक आठवड्यांनी जनावर खंगायला लागतं, तोवर चाऱ्यावर संशयसुद्धा येत नाही. म्हणून बांधावरचा खुळखुळा शेंगा वाळून वाजायला लागायच्या आतच उपटा आणि गोठ्याजवळ टाकू नका.