नकाशावर हिरवं, जागेवर बंद: हायवेवर ईव्ही चार्ज करताना या चुका टाळा

उंब्रजच्या थोडं अलीकडे एका हॉटेलच्या आवारात मी ९ टक्के बॅटरीवर पोचलो होतो. ॲपमध्ये चार्जर हिरवा दिसत होता, म्हणजे चालू आणि मोकळा. प्रत्यक्षात मशीनची स्क्रीन काळी. गल्ल्यावरचे काका म्हणाले, "लाइट आहे साहेब, पण मशीन परवापासून बसलंय." कऱ्हाड वीसेक किलोमीटर आणि गाडीत बळ जेमतेम तेवढंच. शेवटी स्वयंपाकघरामागच्या १५ अँपिअरच्या सॉकेटला गाडी लावली. शेजारी वाटणाचा ग्राइंडर फिरतोय आणि मी सव्वा तास चहा पितोय. तेवढ्यात १२ टक्के वाढले आणि निघालो.

चार्जर कमी आहेत म्हणून हे झालं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशात १२,१४६ सार्वजनिक चार्जिंग स्टेशनं होती, डिसेंबरपर्यंत ती २५ हजारांवर गेली. हायवेवर आता नाश्त्याच्या बऱ्याच हॉटेलांशी एखादं मशीन उभं असतं. पण २०१८ साली केंद्राने चार्जिंग ही वीजविक्री नसून सेवा आहे असं स्पष्ट केल्यावर लायसन्सची अट राहिली नाही. जागा हॉटेलवाल्याची, मशीन कंपनीचं, वीज महावितरणची, असा संसार उभा राहिला. त्यामुळे नेटवर्क भराभर वाढलं, आणि त्याचमुळे मशीन बंद पडलं की तिघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ याच्याशी जोडलेलं आहे.

हिरव्या ठिपक्यावर विश्वास ठेवणं

चार्जर आपली स्थिती सिमकार्डवरून सर्व्हरला कळवत असतो. रेंज गेली किंवा मशीनच बसलं, तर ॲपमध्ये कधीकधी जुनीच स्थिती दिसत राहते. म्हणून रंग बघू नका, त्या जागी शेवटची गाडी कधी चार्ज झाली ते बघा. प्लगशेअरसारख्या ॲपवर लोक तारखेसकट लिहितात. आज सकाळी कोणी लावली असेल तर निश्चिंत जा. शेवटची नोंद तीन आठवड्यांपूर्वीची असेल तर ते मशीन धरूच नका.

याहून सोपा उपाय म्हणजे फोन. कंपनीच्या हेल्पलाइनला नाही, थेट हॉटेलला. हेल्पलाइनवरच्या पोराला आपल्यासारखाच हिरवा ठिपका दिसत असतो. काउंटरवरचा माणूस मान वळवून बघून सांगतो.

आणि पोचायचं ते २० टक्के हातात ठेवून. मशीन बंद निघालं तर ३० युनिटच्या बॅटरीत २० टक्के म्हणजे अजून ३५–४० किलोमीटर. पुणे–कोल्हापूर रस्त्यावर तेवढ्यात दुसरा चार्जर मिळतो. ९ टक्क्यांत ग्राइंडर मिळतो.

बोर्डावरचा किलोवॅटचा आकडा आपलाच समजणं

"६० किलोवॅटचा चार्जर होता तरी तासभर लागला, फसवतात हो!" ही तक्रार नेहमीची. दोन गोष्टी तपासा. एक, मशीनला गन, म्हणजे केबलच्या टोकाचे गाडीत खुपसायचे प्लग, किती? बऱ्याच ६० किलोवॅटच्या मशीनला दोन गन असतात आणि शेजारी दुसरी गाडी लागली की प्रत्येकीला ३० मिळतात. दोन, आपली गाडी घेते किती? टाटाची ३०.२ युनिटची जुनी नेक्सॉन ईव्ही जेमतेम ३० किलोवॅटच्या आसपास घेते. तिला १२० च्या मशीनला लावलं तरी ती तेवढंच पिणार. उलट ह्युंदाईच्या आयोनिक ५ सारखी ८०० व्होल्टची, म्हणजे खूप वेगाने चार्ज होऊ शकणारी गाडी ३० च्या मशीनला लावून बसलात तर जेवण, वामकुक्षी आणि दुपारचा चहा, सगळं तिथेच उरकेल.

म्हणून पर्याय असेल तर छोट्या गाडीने मोठं मशीन अडवू नये. नियम नाही, पण लाज असते.

यातलीच दुसरी चूक म्हणजे हायवेवर १०० टक्के करत बसणं. ८० नंतर गाडी स्वतःच वेग कमी करत नेते. भरलेल्या एसटीत शेवटचे चार प्रवासी चढवताना कंडक्टरला जितका वेळ लागतो, तसं. शेवटच्या २० टक्क्यांच्या वेळात पुढच्या थांब्यापर्यंत जाऊन येता येतं. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीला अधूनमधून पूर्ण चार्ज लागतो हे खरं, पण ते घरी, रात्री, हळू चार्जरवर. किती दिवसांनी, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

घाटाचा हिशेब जातानाच्या आकड्यांवर करणं

कोकणात जाणाऱ्यांची ही हमखास चूक. आंबा घाट उतरताना गाडी ब्रेक लावता लावता वीज परत भरते, रत्नागिरीत पोचल्यावर माणूस खूश. परतीला तेच आकडे धरून निघतो आणि घाटाखालच्या साखरप्याच्या पुढे घाम फुटतो.

गणित अवघड नाही. माणसं-सामानासकट १,७०० किलोची गाडी ६०० मीटर वर चढवायला नुसत्या उंचीपोटी पावणेतीन युनिट लागतात. मोटर आणि चाकांतली गळती धरून साडेतीन समजा. ३० युनिटच्या गाडीत ते १० टक्क्यांहून जास्त, आणि अंतराचा खर्च वेगळाच. चढणीआधी खाली चार्ज करा. आणि घाटमाथ्यावर १०० टक्के भरून उतरायला लागू नका. भरलेल्या बॅटरीत उताराची वीज जायला जागाच नसते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

समृद्धीवर घाटाऐवजी वेग खातो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, कारला १२० ची मुभा आहे. पण ९० च्या तुलनेत १२० ला हवेचा विरोध पावणेदोन पटींहून जास्त होतो. कंपनीने सांगितलेली रेंज विसरा. पहिल्या ५० किलोमीटरला किती टक्के गेले ते बघा आणि पुढचा थांबा त्यावरून ठरवा.

मशीनसमोर उभं राहून ॲप उतरवून घेणं

आपल्याकडे एकच कार्ड सगळीकडे चालेल असं अजून नाही. टाटा पॉवरचं वेगळं, स्टॅटिकचं वेगळं, जिओ-बीपीचं वेगळं. रस्त्यावरची तीन-चार ॲपं घरीच घ्या, ओटीपी वगैरे उरकून प्रत्येकात दोन-तीनशे रुपये टाकून ठेवा. मॉलच्या तळघरात किंवा घाटाच्या पायथ्याशी ओटीपी येत नाही. दर वाचताना १८ टक्के जीएसटी धरलाय की नाही हेही बघा.

गन लावली, सुरू होत नाही

इथे लोक घाईने चार वेळा खुपसतात-काढतात आणि मशीन आणखी रुसतं. मी असं करतो. गाडी बंद. गन टक् आवाज येईपर्यंत आत. मग ती खालून हाताने किंचित उचलून धरायची, कारण जाड केबलच्या वजनाने गन खाली झुकते आणि आतल्या पिना नीट भिडत नाहीत. तसंच धरून दुसऱ्या हाताने ॲपमधून सुरू. गाडी आणि मशीन एकमेकांशी बोलून घेतात, त्याला अर्धा मिनिट लागतो. आत खट्कन कुलूप पडलं की हात सोडायचा.

तरीही नाही? मशीनवरचं इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण बघा, भोपळ्याच्या देठाएवढं असतं. कोणीतरी पोर येता-जाता ते दाबून गेलेलं असतं. बाणाच्या दिशेने फिरवलं की ते बाहेर येतं. माझ्या अनुभवात निम्मी "बिघडलेली" मशीनं एवढ्यानेच उठली. त्यानंतर हेल्पलाइन: "रिमोट रीसेट मारा" एवढंच सांगा, मशीनचा नंबर तयार ठेवा.

पावसाळ्यात इन्सुलेशनचा दोष दाखवून मशीन थांबत असेल तर भांडू नका, ते बरोबर वागतंय. गनच्या तोंडात किंवा गाडीच्या झाकणामागे पाणी आहे. गन तोंड खाली करून झटका, शक्यतो दुसरी गन घ्या. आत फडकं किंवा बोट घालू नका.

गन निघत नसेल तर ओढाताण नको. आधी ॲपमधून थांबवा, मग किल्लीने गाडी लॉक करून पुन्हा अनलॉक करा. बहुतेकदा तेवढ्याने सुटते. काही गाड्यांत बॉनेटखाली हाताने ओढायची दोरी असते. ती कुठे आहे ते आजच शोधून ठेवा, रात्री अकराला मोबाइलच्या उजेडात नको.

आणि डिकीत गाडीबरोबर आलेला पोर्टेबल चार्जर असू द्या. साध्या एक्स्टेंशन बोर्डाला लावू नका, वायर वितळते. चार्जरवरचा दिवा लाल लागला तर सॉकेटला अर्थिंग नाही असं समजा आणि दुसरं सॉकेट मागा.

गाडी लावून गायब होणं

गणपतीत मुंबई–गोवा रस्त्यावर एका गनमागे चार-पाच गाड्या उभ्या असतात, आणि ९६ टक्के झालेल्या गाडीचा मालक आत दुसऱ्यांदा सोलकढी मागवत असतो. मी आता डॅशबोर्डवर एक पुठ्ठा ठेवतो: "ऐंशीला काढणार. घाई असेल तर फोन करा." खाली नंबर. गेल्या गणपतीत तीन फोन आले. दोघांना गन हवी होती, तिसऱ्याला माशाचं ताट कसं आहे ते.