सिंकखालचा ट्रॅप उघडण्याआधी

सिंक तुंबलं म्हणून त्याखालचा ट्रॅप, म्हणजे पाणी साचून राहणारा पाईपचा भाग, उघडायचाय? आधी रबरी वॉशर आणा, मग नटाला हात लावा. बादली, फडकी, टॉर्च, जुना टूथब्रश घरात असतंच. वॉशर नसतात. बॉटल ट्रॅपमधले (बाटलीच्या आकाराचा ट्रॅप) जुने वॉशर दबून चपटे, कडक झालेले असतात. नट एकदा सैल केला की ते पुन्हा नीट बसतीलच असं नाही. मग कितीही आवळा, गळतंच. जास्त आवळलं तर प्लास्टिकच्या नटाला चीर जाते, म्हणजे अख्खा ट्रॅप नवा. सिंकला बहुधा दीड इंची आणि बेसिनला सव्वा इंची लागतो, पण अंदाजावर जाऊ नका, दोन्ही मापांचे आणा. टेफ्लॉन टेपवर (आट्यांवर गुंडाळायची पातळ पट्टी) भागेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. इथे पाणी आट्यांवर नाही, वॉशरवर अडतं. आणि रविवारी दुपारी, हार्डवेअरचं दुकान बंद असताना, हे काम काढूच नका.

ड्रेन क्लीनरची पूड आधीच ओतली असेल तर थांबा. त्यातला कॉस्टिक सोडा ट्रॅपमध्ये साचलेला असतो, नट उघडताच हातावर येतो. त्यावर ॲसिड तर कधीच ओतू नका.

वॉशिंग मशीन पाणी सोडत नसेल तर आधी दोष कुठे ते बघा. नहाणी ट्रॅपमध्ये (जमिनीतल्या जाळीखालचा ट्रॅप) बादलीभर पाणी एकदम ओता. तुंबलं तर लाइन चोंदली आहे, मशीनला हात लावू नका. झरकन गेलं तर मशीनचा फिल्टर. फ्रंट लोड असेल तर प्लग काढा, नळ बंद करा, गरम पाण्याची धुलाई झाली असेल तर निवू द्या. फिल्टर जमिनीलगत असतो, खाली बादली जात नाही. परात किंवा पसरट ताट घ्या. झाकण एकदम काढू नका, थोडं फिरवा, परात भरली की बंद, रिकामी करा, पुन्हा. आत नाणी, पिना, लहान मोजे निघतात. पंपाचा पंखा फिरतोय का बघा. झाकणाची रबरी रिंगही पुसा, तोही वॉशरच.

ड्रेन होजचं (मशीनच्या पाणी सोडणाऱ्या नळीचं) टोक जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंमी उंचीवर, पाईपात सैल. घट्ट कोंबलंत तर मशीन भरतानाच त्यातलं पाणी बाहेर ओढलं जातं.

शेवटी सिंक काठोकाठ भरून बूच काढा, खाली कोरडा पेपर. ओला झाला? वॉशर.